पोटाच्या अस्तराचा कर्करोग आणि 'गरम केमो' : पालघर-बोईसरच्या घरांनी काय समजून घ्यावे?

पोट फुगले की आपल्या घरात पहिला संशय गॅसवर जातो. ओवा, हिंग, सोडा, मग मेडिकलवाल्याने दिलेली गोळी. वजन कमी होत असताना पोट मात्र वाढते आहे, सलवारची नाडी घट्ट होते आहे, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते आहे, याकडे घरातल्या बाईचे स्वतःचेही लक्ष जात नाही. गेले तरी ती सांगत नाही. मुलीचे लग्न, रमजान, ईद, नवऱ्याची पाळी, सगळे आटोपले की बघू, असे म्हणत महिने निघून जातात. पुढे सोनोग्राफीत 'पोटात पाणी' असे निघते, तिथून सीटी स्कॅन होतो, आणि एक दिवस कुणी तरी डॉक्टर एक नवा शब्द उच्चारतो : हायपेक.

गेल्या काही वर्षांत हा शब्द मुंबईच्या रुग्णालयांतून आपल्या पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, डहाणूच्या घरांपर्यंत आला आहे. कुणी म्हणते, पोटात उकळते औषध ओततात. कुणी म्हणते, चौथ्या टप्प्यातला कर्करोगही यातून बरा होतो. कुणी म्हणते, हा पैसे काढायचा नवा धंदा आहे. तिन्ही गोष्टी जशा सांगितल्या जातात तशा खऱ्या नाहीत. या उपचारासाठी घरे जमीन आणि दागिने विकायला काढतात. म्हणून हा उपचार काय आहे, कुणाला उपयोगी पडतो आणि कुणाला नाही, हे शांतपणे समजून घेतले पाहिजे.

हे अस्तर म्हणजे काय?

शेरवानीला आतून जसे पातळ, गुळगुळीत अस्तर असते, तसे आपल्या पोटाच्या पोकळीलाही आतून एक नाजूक आवरण असते. त्याला पेरिटोनियम म्हणतात. ते पोटाच्या भिंतीला आतून लागून असते आणि जठर, आतडी, यकृत, गर्भाशय अशा अवयवांवरही पसरलेले असते. सगळे उलगडून पसरले तर त्याचे क्षेत्रफळ साधारण आपल्या अंगावरच्या त्वचेएवढे भरेल.

या अस्तराचा कर्करोग दोन प्रकारे होतो. क्वचित तो अस्तरातच सुरू होतो. त्यातला एक प्रकार, मेसोथेलिओमा, ॲस्बेस्टॉसच्या धुळीशी जोडलेला आहे आणि धूळ अंगावर घेतल्यानंतर कित्येक दशकांनी तो दिसू शकतो. जुन्या पाइपांवरचे, बॉयलरवरचे, पत्र्यांचे काम केलेल्या कामगाराने डॉक्टरला आपला पूर्वीचा व्यवसाय आवर्जून सांगावा, तो याचसाठी. पण बहुतेक रुग्णांत कर्करोग दुसरीकडे सुरू होतो : स्त्रियांच्या अंडाशयात, मोठ्या आतड्यात, जठरात किंवा अपेंडिक्समध्ये. तिथून पेशी सुटतात आणि रवा सांडावा तशा अस्तरावर ठिकठिकाणी बसतात. मग तिथे गाठी धरतात, पाणी साठते, आतडी एकमेकांना चिकटतात.

शिरेतून दिलेली केमोथेरपी रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. पण या अस्तरावर बसलेल्या गाठींपर्यंत ती पुरेशी पोहोचत नाही. रक्त आणि पोटाची पोकळी यांच्यामध्ये जणू एक जाळी असते. या अडचणीतूनच हायपेकची कल्पना निघाली. जाळी औषध आत जाऊ देत नसेल, तर औषध थेट आतच सोडावे. तीच जाळी मग ते औषध रक्तात फार उतरूही देत नाही. त्यामुळे पोटात जास्त तीव्रतेचे औषध वापरता येते आणि बाकीच्या शरीराला त्या मानाने कमी त्रास होतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये नेमके काय होते?

हा उपचार दोन भागांचा आहे, आणि पहिला भाग दुसऱ्यापेक्षा मोठा आहे.

पहिल्या भागात शल्यविशारद पोट उघडून डोळ्यांना दिसणारी प्रत्येक गाठ काढतात. रोग बसलेले अस्तर सोलून काढतात. गरज पडली तर गर्भाशय, अंडाशय, प्लीहा, पित्ताशय, आतड्याचा काही भागही काढावा लागतो. याला सायटोरिडक्टिव्ह शस्त्रक्रिया म्हणतात. सोप्या भाषेत, रोगाचा भार उतरवणे. यात सहा ते दहा तास सहज जातात, कधी त्याहून जास्त.

दुसऱ्या भागात पोटात नळ्या बसवून एका यंत्राच्या मदतीने औषधमिश्रित द्रव फिरवला जातो. तो साधारण ४१ ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत गरम असतो. उकळता मुळीच नाही, कडक तापात आपल्या अंगाचे तापमान जेवढे चढते तेवढाच किंवा किंचित जास्त. उष्णतेने कर्करोगाच्या पेशी दुबळ्या होतात आणि औषध जरा खोल मुरते. तीस ते नव्वद मिनिटे हा द्रव फिरवून मग बाहेर काढतात. मायटोमायसिन, सिसप्लॅटिन अशी औषधे यासाठी वापरली जातात. रुग्ण पूर्ण भुलीत असतो, त्याला यातले काही जाणवत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे गरम औषध काही मिलिमीटरपलीकडे शिरत नाही. मोठी गाठ मागे राहिली तर वरून कितीही औषध फिरवा, गाठीच्या पोटात ते पोहोचणार नाही. म्हणून मागे काहीही दिसू नये, आणि राहिलेच तर अडीच मिलिमीटरपेक्षा लहान राहावे, असे ध्येय असते. 'गरम केमो' हे नाव लोकांच्या तोंडी बसले, पण रुग्णाचे भवितव्य मुख्यतः सर्जनच्या हाताने किती सफाई झाली यावर ठरते.

ही कल्पना कुठून आली?

पोटात गरम औषध फिरवण्याचा पहिला अनुभव अमेरिकेतील लुईव्हिल येथील डॉ. जॉन स्प्रॅट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे वॉशिंग्टनचे डॉ. पॉल शुगरबेकर यांनी अस्तर सोलण्याची शस्त्रक्रिया पद्धतशीर बसवली. रोग किती पसरला हे मोजण्याची त्यांच्या नावाची पद्धत आजही वापरली जाते. पोटाचे तेरा भाग कल्पायचे, प्रत्येक भागाला गाठींच्या आकारानुसार ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज जास्तीत जास्त ३९ येते. तिला पीसीआय म्हणतात. आकडा जितका कमी, तितकी आशा जास्त. आपल्या रुग्णाचा पीसीआय किती, हा प्रश्न प्रत्येक घराने विचारायलाच हवा.

आपल्या भागासाठी याचे जवळचे ठिकाण म्हणजे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या विभागाच्या छत्राखाली आपले तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून वीज देते आहे, त्याच विभागाचे हे रुग्णालय, हे बोईसरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. अस्तराच्या कर्करोगावरच्या या शस्त्रक्रिया तिथे होतात. मुंबईतल्या काही मोठ्या खासगी रुग्णालयांतही त्या होतात. तालुक्याच्या ठिकाणच्या नर्सिंग होममध्ये करण्याचे हे काम नाही. त्यासाठी अनुभवी सर्जन, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी एकत्र लागते.

कुणाला फायदा होतो?

सगळ्यांत चांगले निकाल अपेंडिक्सपासून निघणाऱ्या एका दुर्मीळ आजारात मिळाले आहेत. त्यात पोट जेलीसारख्या चिकट द्रवाने भरते. हॉलिवूडची अभिनेत्री ऑड्रे हेपबर्न १९९३ मध्ये याच घराण्यातल्या आजाराने गेली. २०१२ साली जगातल्या १६ केंद्रांतील २,२९८ रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया आणि पोटातली केमोथेरपी मिळालेल्या या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोक सोळा वर्षांनंतरही जिवंत असल्याचा अंदाज त्यात निघाला. पण त्याच अभ्यासात दर शंभरांत दोघे उपचारातच दगावले आणि सुमारे २४ जणांना मोठी गुंतागुंत झाली. दोन्ही आकडे एकत्रच वाचायला हवेत.

अंडाशयाच्या कर्करोगात नेदरलँड्समधील २०१८ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. तिसऱ्या टप्प्यातल्या २४५ स्त्रियांना आधी तीन वेळा केमो देऊन मग शस्त्रक्रिया केली. अर्ध्या स्त्रियांना शस्त्रक्रियेतच हायपेकही दिले. नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात मध्यम आयुर्मान ३३.९ महिने होते, हायपेकच्या गटात ४५.७ महिने. म्हणजे साधारण एका वर्षाची भर. आजार मुळासकट गेला असे नाही. पण नातवंडांसोबतचे एक वर्ष ही लहान गोष्ट नाही.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची कहाणी वेगळी आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्याच १०५ रुग्णांच्या अभ्यासात आयुर्मान १२.६ महिन्यांवरून २२.३ महिन्यांवर गेले आणि जगभर उत्साह पसरला. मग फ्रान्समध्ये २६५ रुग्णांवर नेमकी चाचणी झाली. सगळ्यांची सफाईची शस्त्रक्रिया केली. अर्ध्यांना ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाचे हायपेक दिले, अर्ध्यांना नाही. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : ४१.७ महिने आणि ४१.२ महिने. फरक जवळजवळ शून्य, उलट हायपेकच्या गटात नंतरच्या तक्रारी जास्त. शस्त्रक्रिया चांगली झाली म्हणून दोन्ही गट साडेतीन वर्षांच्या आसपास पोहोचले, गरम औषधाने त्यात भर पडली नाही. म्हणून आतड्याच्या कर्करोगात कुणी 'हायपेक केलेच पाहिजे' म्हणत असेल, तर का, कोणते औषध, आणि नुसती शस्त्रक्रिया का पुरणार नाही, हे अदबीने पण स्पष्ट विचारावे.

जठराच्या कर्करोगात रोग अस्तरावर फार पसरला असेल तर या उपचाराचा उपयोग होत नाही. तसेच रोग फुप्फुसात किंवा यकृतात अनेक ठिकाणी गेला असेल, लहान आतडे सर्वत्र व्यापले असेल, किंवा रुग्ण अगदी अशक्त झाला असेल, तर चांगला सर्जन स्वतःच नकार देतो. तो नकार ऐकून लगेच 'हो' म्हणणारा दुसरा डॉक्टर शोधत फिरू नये. कारण कधी कधी तो नकारच रुग्णाचे उरलेले महिने यातनांपासून वाचवतो.

बायोप्सीशिवाय काहीही नाही

आपल्या जिल्ह्यात क्षयरोग अजून घराघरांत आहे, आणि पोटाचा टीबी हुबेहूब अस्तराच्या कर्करोगासारखा दिसू शकतो. पोटात पाणी, वजनात घट, स्कॅनमध्ये जाड झालेले अस्तर, इतकेच नव्हे तर सीए-१२५ ही रक्ततपासणीही टीबीमध्ये वाढलेली येते. याउलट, कर्करोग असताना टीबी समजून महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्या जातात. दोन्ही चुका महागात पडतात. म्हणून पोटातले पाणी तपासायला द्यावे आणि अस्तराचा तुकडा काढून बायोप्सी करावी. बहुधा छोट्या छिद्रातून दुर्बिणीने ती करता येते. त्या अहवालाशिवाय टीबीचा कोर्सही नको आणि केमोही नको.

दुसरी गोष्ट, काढलेला अवयव फेकू देऊ नका. अपेंडिक्स किंवा अंडाशयाची गाठ काढली की ती पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगा, अहवाल हातात घ्या आणि कुणाकडून तरी वाचून घ्या. काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक जपून ठेवा. मोठ्या रुग्णालयात तेच मागतात.

तिसरी गोष्ट, गावाकडच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडल्यावर आत सगळीकडे गाठी दिसल्या, तर तुकडा घेऊन पोट बंद करणे आणि रुग्णाला मोठ्या केंद्राकडे पाठवणे हेच शहाणपण. अर्धवट काढाकाढी केली की पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. पहिली संधीच सर्वांत चांगली संधी असते.

ऑपरेशननंतरचे दिवस

काही दिवस अतिदक्षता विभागात, एकूण साधारण दोन ते तीन आठवडे रुग्णालयात, आणि पूर्ववत चालते-फिरते व्हायला दोन-तीन महिने, हे गृहीत धरावे. आतड्याचा सांधा गळणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, रक्तातल्या पेशी कमी होणे, हे धोके असतात. काहींना पोटावर तात्पुरती किंवा कायमची पिशवी लावावी लागते.

आपल्या घरांत इथे काही दीनी प्रश्न उभे राहतात. पिशवी असताना वुजूचे काय? ज्याचा स्राव थांबत नाही तो शरीअतच्या दृष्टीने माजूर आहे; प्रत्येक नमाजेच्या वेळी नवी वुजू करून तो नमाज पढू शकतो. बसून, आडवे पडून, इशाऱ्यानेही नमाज होते. रोज्याची सवलत आजाऱ्याला आहेच. कजा आणि फिदयाचे आपल्या मसलकनुसार आलिमांना विचारावे. आपल्याकडे कोकणी घरे शाफई आहेत, उत्तरेकडून आलेली बहुतेक हनफी. बारकाव्यात फरक असतो.

आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. अशा मोठ्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून काही आठवडे हेपारिन गटातली इंजेक्शने देतात. ती बहुधा डुकराच्या आतड्यापासून बनवलेली असतात. हे नंतर कळले की काही घरे परस्पर इंजेक्शन बंद करतात. तसे कधीही करू नका. गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो. जीव धोक्यात असताना सवलत आहे, हा आपल्या दीनचा मान्य नियम आहे. तरी मन मानत नसेल तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगा. फोंडापॅरिनक्ससारखे कृत्रिमरीत्या बनवलेले औषधही आहे. ते आपल्या रुग्णाला चालेल का, हे डॉक्टरच ठरवतील.

बायकांनी पुरुष डॉक्टरच्या संकोचाने तपासणी टाळू नये. महिला डॉक्टर किंवा सोबतीला नर्स मागता येते. नाही मिळाली तरी उपचाराच्या गरजेत परवानगी आहे.

पैसा, प्रवास, मुक्काम

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी आधी खिशातले ईएसआयसीचे कार्ड काढावे. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार, ठेकेदारामार्फत लागलेलेसुद्धा, या विम्यात येतात, आणि त्यांच्या कुटुंबालाही उपचार मिळतात. स्वतः कामगाराला कर्करोग झाला तर, ठरलेला सेवाकाळ आणि हप्ते पूर्ण असल्यास, दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के वाढीव आजारभत्ताही मिळू शकतो. ठेकेदार पगारातून हप्ता कापतो पण नोंदणी करत नाही, असा प्रकार असेल तर तो आजारपणाच्या आधी उघड व्हायला हवा. आपला विमा क्रमांक आजच तपासून घ्या.

बाकीच्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची जुनी अट उरलेली नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला शस्त्रक्रिया, हायपेकचे यंत्र-नळ्यांचा खर्च आणि औषधे हे तीन वेगवेगळे विचारा, आणि कोणते योजनेत बसते ते भरती होण्याआधी लिहून घ्या. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही करता येतो. गरजू रुग्ण जकातीचा हकदार असेल तर जमातीने त्याचे घर आधी पाहावे. आणि रक्तदात्यांची यादी ही जमात देऊ शकेल अशी, पैशांहून मोठी मदत आहे.

बोईसरहून परळ सुमारे शंभर किलोमीटर. डहाणू रोडपर्यंत लोकल आल्यापासून प्रवास थोडा सोपा झाला. दादर किंवा प्रभादेवीला उतरून रुग्णालय गाठता येते. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते. लांबच्या गाड्यांत रेल्वेची भाडेसवलत आहे; तिचे प्रमाणपत्र रुग्णालयातून मिळते. मुक्कामासाठी दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे.

डॉक्टरांसमोर नेण्याचे प्रश्न

एका कागदावर हे लिहून न्या. रोगाची सुरुवात कुठे झाली? बायोप्सीत काय आले? पीसीआय किती? सगळ्या गाठी निघतील अशी शक्यता किती? नुसती शस्त्रक्रिया पुरेल का, हायपेकने नेमकी किती भर पडेल? तुमच्या हाताखाली अशा किती शस्त्रक्रिया झाल्या? पिशवी लागेल का? एकूण खर्च किती, आणि गुंतागुंत झाली तर किती? ऑपरेशन केले नाही तर कोणते उपचार उरतात, आणि वेदना कमी ठेवण्यासाठी काय करता येईल?

हे प्रश्न रुग्णाच्या समोर विचारा. 'अम्मीला सांगू नका' म्हणत सगळे निर्णय दाराबाहेर घेण्याची आपली सवय प्रेमापोटी असते, पण पोट तिचे आहे, आणि दहा तासांच्या ऑपरेशनला तिलाच सामोरे जायचे आहे. तिला काय हवे आहे, हे तिच्या तोंडून ऐकायला हवे.

शिफा अल्लाहच्या हाती आहे, पण सबब शोधणे आपल्यावर आहे. या महिन्यात आपल्या घरात, शेजारात ज्या खाला-फुफीचे पोट दोन-तीन आठवड्यांहून जास्त फुगलेले आहे, तिला सोनोग्राफीला घेऊन जा. बहुतेक वेळा साधेच काही निघेल, इन्शाअल्लाह. आणि काही निघालेच, तर ते लवकर निघालेले असेल.